हौदातलं ऊन: वऱ्हाडातल्या एका राजवाडा-संग्रहालयाच्या छायाचित्रणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम विदर्भात, कपाशीच्या काळ्या रानात, तालुक्यापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर एक गाव आहे. गावाच्या मधोमध पांढऱ्या मातीची गढी, आणि गढीवर दुमजली वाडा. गावातले लोक त्याला राजवाडाच म्हणतात. घराण्याच्या इच्छेवरून गावाचं, घराण्याचं आणि माणसांची नावं इथे देत नाही. बाकी सगळं घडलं तसं लिहितो आहे.

वऱ्हाडात एकेकाळी निजाम आणि नागपूरकर भोसले अशा दोघांचा अंमल चाले, आणि वसुलीचे वाटे दोघांकडे जात. १८०३ साली अडगाव आणि गाविलगडच्या लढाया झाल्या आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. पुढे १८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाडचा कारभार घेतला. या उलथापालथीत अनेक घराण्यांच्या तलवारी खुंटीवर गेल्या आणि हिशेबाच्या वह्या वाढल्या. या वाड्याच्या संग्रहातही तेच दिसतं. हत्यारं कमी आणि जुनी आहेत, मोडीतली कागदपत्रं ढिगाने आहेत, आणि शेवटच्या शंभर-सव्वाशे वर्षांतली हौसेची चीजवस्तू भरपूर आहे: बिलोरी आरसे, हंड्या, झुंबरं, चांदीच्या अंबारीचे तुकडे, जरीचे शालू, पगड्या, घराण्यातल्या दोन पुरुषांची तैलचित्रं, आणि रविवर्म्याच्या छापखान्यातली काचेच्या चौकटीतली चित्रं. हा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देवघरांत पोचल्या.

मालकांनी नोकरीतून निवृत्त झाल्यावर वाड्याच्या तीन दालनांत हे सगळं मांडलं. रविवारी शाळांच्या सहली येतात, अधूनमधून वाट वाकडी करून पाहुणे येतात. मोठी गोष्ट म्हणजे वरची बैठक. चौकाच्या उत्तरेला, पहिल्या मजल्यावर, चौकाकडे उघडणाऱ्या पाच महिरपी, सागवानी खांबांच्या दोन ओळी, आणि वर तख्तपोशी. त्या लाकडी छतात मधोमध हात-दीड हात व्यासाचं कमळ कोरलेलं आहे आणि चारी कोपऱ्यांत पोपट.

माझा तालुक्याच्या गावी स्टुडिओ आहे. लग्नं, पासपोर्ट, शेतकऱ्यांच्या कागदपत्रांचे फोटो यावर तो चालतो. मालकांनी ऑक्टोबरात, दसरा झाल्यावर बोलावलं. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. एक, प्रत्येक वस्तूचा नोंदवहीत लावायला स्वच्छ फोटो. दोन, प्रवेशाच्या देवडीत लावायचे मोठे फलक, त्यात बैठकीचे चार-पाच फोटो मुख्य. मुदत दिवाळीपर्यंतची.

मी तेव्हा एक प्रश्न विचारायला हवा होता, तो विचारला नाही: हे दोन्ही फोटो एकाच जातीचे आहेत का? नोंदीच्या फोटोत वस्तू ओळखता आली पाहिजे, रंग आणि मोजमाप खरं दिसलं पाहिजे. फलकाच्या फोटोत वाडा वाड्यासारखा दिसला पाहिजे. मी दोन्हीसाठी एकच सामान गाडीत टाकलं.

अडचण

पहिल्या दिवशी सकाळी अकराला पोचलो. माझ्यासोबत स्टुडिओतला पोऱ्या आणि कॉलेजात शिकणारी एक मुलगी होती. ती मुलगी फोटोग्राफी शिकायला येते आणि तिची नजर चांगली आहे. सोबत लग्नातले दोन मोठे दिवे, छत्र्या, ट्रायपॉड.

वाड्याचे जुने कारभारी सगळ्या गावाचे काकाजी आहेत. त्यांनी दारातच तीन अटी सांगितल्या. कापडावर आणि चित्रांवर फ्लॅश नाही. वरच्या मजल्यावर टोकदार पायांचं काही ठेवायचं नाही. आणि कपाटातून वस्तू काढायची तर ते समोर असताना. तिन्ही अटी रास्त होत्या. कापड, कागद आणि जलरंग यांच्यासाठी संग्रहालयांत साधारण ५० लक्सचाच उजेड ठेवतात (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप), तैलचित्रांना २००पर्यंत चालतं. एकदा पडलेला उजेड कापड विसरत नाही, थोडाथोडा साठत जातो, आणि उडालेला रंग परत येत नाही. एका फ्लॅशने चिंधी होत नाही हे मला ठाऊक आहे. पण रोज वीस पाहुण्यांनी वीस-वीस फ्लॅश मारायचे ठरवलं तर काकाजींना कुणाला हो आणि कुणाला नाही म्हणायचं? नियम सगळ्यांना सारखाच हवा.

म्हणून बैठकीत मी फ्लॅशऐवजी सतत जळणारे दिवे लावले, छत्र्यांतून मऊ करून. ऊन आणि धूळ नको म्हणून खिडक्यांची दारं बंदच होती. छताला ट्यूबलाइट सुरू. दोन तासांत सव्वाशे फोटो काढले आणि लॅपटॉपवर पाहिले.

एकही ठेवण्यासारखा नव्हता. काय काय बिघडलं ते सांगतो, कारण राजवाड्यात कॅमेरा घेऊन शिरणाऱ्या प्रत्येकाचं साधारण हेच बिघडतं.

रविवर्म्याच्या लक्ष्मीच्या पोटात माझी छत्री दिसत होती, आणि आरशात आम्ही तिघं. ट्यूबचा हिरवट आणि दिव्यांचा पिवळट उजेड मिसळून खांबांचं सागवान आजारी दिसत होतं. तो दोष संगणकावर काढता येईना, कारण खांबाची एक बाजू हिरवी आणि दुसरी पिवळी. छत यावं म्हणून रुंद भिंग वर उचललं, तर सगळे खांब वर जाऊन एकमेकांकडे कलले, जणू माडी मागे पडते आहे. आणि तख्तपोशी, जिच्यासाठी हा खटाटोप, ती काळ्या चौकोनासारखी. खालून लावलेल्या दिव्यात कमळाच्या पाकळ्यांच्या सावल्या उलट्या पडल्या आणि फुगीर कोरीवकाम खोलगट वाटायला लागलं.

मालकांच्या काकू, घरातल्या मोठ्या बाईसाहेब, ऐंशीच्या पुढच्या. त्या खुर्चीवर बसून आमचं काम पाहत होत्या. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या, "भाऊ, हा आपला वाडा नाही दिसत. मंगल कार्यालय दिसून रायलं."

त्या रागावून बोलल्या नव्हत्या. पण त्या एका वाक्याने माझी खरी अडचण मला कळली. उजेड कमी पडत नव्हता, माझा उजेड त्या जागेचा नव्हता. चारी बाजूंनी सपाट उजेड टाकायचा म्हणजे नवरदेवाच्या सुटावर सुरकुती दिसत नाही, ती सवय मी इथे आणली होती.

समोरचे पर्याय

त्या संध्याकाळी मालक, काकाजी, मी आणि माझे दोघे ओसरीवर बसलो. चार-पाच वाटा निघाल्या.

पहिली वाट मालकांनी सुचवली: तुमच्या फोटोंपुरती फ्लॅशला सूट देतो, छतावर मारून परतवून घ्या. हे मी नाकारलं. गडद सागवानी छतावरून परतलेला उजेड तांबूस होतो आणि मुळात फारसा परततच नाही. शिवाय एकदा सूट दिली की पुढचा लग्नवाला तीच मागणार.

दुसरी वाट: वस्तू बाहेर, ओसरीवर आणायच्या. तलवारी, कट्यारी, तांब्यापितळेची भांडी यांच्यासाठी हे पटलं, धातूला उजेडाची भीती नाही. हाताच्या घामाची मात्र आहे. पोलादावर उघड्या बोटाचा ठसा राहिला तर तिथे गंज धरतो, म्हणून सुती हातमोजे. शालू, पगड्या आणि चौकटीतली चित्रं जागेवरून हलवायची नाहीत असं ठरलं. जुन्या चौकटीमागचा कागद इतका विरलेला होता की उचलतानाच तो सुटला असता.

तिसरी वाट माझ्या पोऱ्याची. कमी-जास्त उजेडाचे पाच-सात फोटो काढून संगणकावर एकत्र करायचे. खिडकीबाहेरचं ऊन आणि आतला अंधार एकाच फोटोत सांभाळायला हे कामाचं आहे, आणि आम्ही पुढे दोन फोटोंत ते वापरलंही. पण त्यावर सगळं सोपवलं की प्रत्येक कोपरा सारखाच उजळ होतो आणि जुनी जागा रंगवलेल्या पडद्यासारखी दिसते. तो माझ्या लेखी मंगल कार्यालयाचाच दुसरा प्रकार.

चौथी वाट: आमचे दिवे बंद, ट्यूब बंद, खिडक्या उघड्या, आणि जो उजेड आत येईल त्यावर कॅमेरा स्थिर ठेवून सावकाश फोटो. याचा हिशेब आम्ही कागदावर मांडला. ५० लक्सच्या उजेडात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची ताकद, १०० आणि भिंगाचं छिद्र एफ/८ ठेवलं तर कॅमेऱ्यातला पडदा, म्हणजे शटर, साधारण तीन सेकंद उघडा ठेवावा लागतो. हातात धरून, छिद्र मोठं म्हणजे एफ/२.८ आणि सेकंदाचा साठावा भाग, असं काढायचं तर आयएसओ २४००च्या आसपास न्यावा लागतो. हातातला फोटो फोनच्या पडद्यावर चालतो. पाच फूट उंचीच्या फलकावर आयएसओ वाढवल्याचे बारीक दाणे दिसतात. म्हणजे ट्रायपॉड हवाच, आणि तो काकाजींच्या दुसऱ्या अटीत बसवायचा.

चौथी वाट धरायचं ठरत आलं होतं, तेवढ्यात मोठ्या बाईसाहेब आतून म्हणाल्या, "तख्तपोशी पाहायची असन तर पौषात या. हौदातलं ऊन वर येते तेव्हा."

कुणालाच नीट कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा चौकातला हौद भरलेला असायचा. थंडीच्या दिवसांत दुपारी बैठकीत बायका गहू निवडायला बसत, तेव्हा हौदातल्या पाण्यावरून ऊन वर यायचं आणि छतावरच्या कमळावर हलायचं. पोरं त्याला "कमळ डोलते" म्हणायची. हौद कोरडा पडून कैक वर्षं झाली. मालकांनी स्वतःसुद्धा ते पाहिलेलं नव्हतं.

निर्णयाची जागा

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय इथे होता. मुदत दिवाळीची होती, फलक छापणाऱ्याला सांगून झालेलं होतं, आणि एका आठवणीसाठी दोन महिने थांबायचं का?

मी आणि त्या मुलीने दुसऱ्या दिवशी टेप लावून चौक मोजला. हौदाच्या मध्यापासून बैठकीची भिंत पंधरा फूट. बैठकीच्या खिडक्या जमिनीपासून तेरा ते अठरा फुटांच्या मध्ये. समोरची, दक्षिणेची देवडीची बाजू एकमजली. आता सूर्याचा हिशेब. आपल्याकडे, विषुववृत्तापासून २१ अंशांच्या जवळ, ऑक्टोबरच्या मध्यात माध्यान्हीचा सूर्य ६० अंशांवर असतो. पाण्यावरून ऊन त्याच कोनात वर परततं, म्हणजे पंधरा फुटांवरच्या भिंतीला ते सव्वीस फुटांवर लागतं, थेट वळचणीला. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य ४५-४६ अंशांवर उतरतो. मग ऊन भिंतीपाशी पंधरा फुटांवर असतं, म्हणजे खिडकीच्या बरोबर मधून आत शिरतं आणि पुढे तख्तपोशीला जाऊन भिडतं. देवडी एकमजली असल्यामुळे तिची सावली हौदापर्यंत पोचत नाही.

बाईसाहेबांची आठवण कागदावर उतरली तेव्हा त्या मुलीने पेन खाली ठेवलं आणि नुसती छताकडे पाहत राहिली. हौद तिथे, त्या अंतरावर, ती देवडी एवढ्याच उंचीची. हे बांधणाऱ्याने जाणून केलं की आपसूक जमलं, ते सांगता येणार नाही. पण थंडीतल्या दुपारी ही बैठक खालून उजळते, आणि कोरीवकाम त्याच उजेडात पाहिलं जात होतं, एवढं नक्की.

मी मालकांना सांगितलं की काम दोन भागांत करू. वस्तूंच्या नोंदी दिवाळीआधी, बैठकीचे फलक पौषात. त्यांना ते एकदम पटलं नाही. छपाईवाल्याला थांबवायचं, दिवाळीला गावी येणाऱ्या नातेवाइकांना अर्धंच दाखवायचं. त्यांनी एक रात्र मागून घेतली. सकाळी म्हणाले, "काकूंनी जे पाहिलं ते मलाही पाहायचं आहे. थांबू."

काय केलं

पहिला टप्पा, दिवाळीआधीचे पाच दिवस. हा भाग मेहनतीचा होता, पण सरळ होता.

काचेच्या चौकटींसाठी गावातल्या शिंप्याकडून काळ्या अस्तराचा सहा फुटांचा पडदा शिवून घेतला, मधोमध भिंगापुरतं भोक. दोघांनी पडदा ताणून धरायचा, भिंग भोकातून बाहेर. मग काचेला परतवायला समोर काळं सोडून काही राहत नाही. पोलरायझर नावाचा फिल्टर काचेची चकाकी मारतो हे खरं, पण तिरकस, ५५-५६ अंशांच्या आसपास पाहताना. चित्रासमोर सरळ उभं राहिलं तर त्याचा उपयोग जवळपास शून्य, आणि नोंदीचा फोटो सरळच काढावा लागतो. पडदा स्वस्त आणि खात्रीचा. कॅमेऱ्याची उंची चित्राच्या मध्याला टेपने जुळवली, म्हणजे चौकट चौकोनी येते.

तैलचित्रांवरच्या रोगणाला मात्र पोलरायझरचा फायदा झाला. तिथे उजेड एका बाजूच्या खिडकीतून, तिरका घेतला.

तलवारी उत्तरेच्या ओसरीवर, पांढऱ्या धोतरावर. वर दुसरं धोतर दोरीला बांधून छत केलं. चकचकीत पातं आरशासारखं असतं, त्यात आजूबाजूचं जे दिसेल तेच फोटोत येतं. वर पांढरं असलं तर पातं पांढरट, मऊ दिसतं आणि त्यावरची नक्षी उठते. एका कट्यारीच्या मुठीजवळ सोन्याच्या तारेची वेल होती. काकाजींनी ती रोज पाहिलेली, तरी धोतराखाली ठेवल्यावर वाकून पाहत म्हणाले, "हे इतकं बारीक हाय बाप्पा?" पान तांदळाच्या कणीएवढं, आणि त्याला शिर कोरलेली.

प्रत्येक वस्तूच्या पहिल्या फोटोत राखाडी पट्टी आणि फूटपट्टी ठेवली, म्हणजे रंग आणि माप दोन्ही नंतर जुळवता येतात. ट्यूब सगळ्या बंद. जिथे ती बंद करता येईना, त्या मधल्या बोळात सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा जलद गेलो नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा मिणमिणतो, आणि जलद पडद्यात ते फोटोवर पट्ट्या होऊन उमटतं.

दुसरा टप्पा पौषातला. इथे जे घडलं त्यातला एक भाग माझी चूक आहे.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हौद साफ करून भरला. इतकी वर्षं कोरडा असलेला हौद पाणी धरेल का, हे तपासायला मी एक दिवसही दिला नाही. सकाळी आठला मोटार लावली, अकराला हौद काठोकाठ भरला. संध्याकाळी काकाजी तळघरातून घाईने वर आले. पूर्वेच्या भिंतीला ओल उतरली होती. मोडी वह्यांच्या पेट्या पलीकडच्या भिंतीला होत्या म्हणून वाचल्या, खालचं एक पोतं तेवढं भिजलं. रात्री दहापर्यंत पंप लावून हौद उपसला. दुपारी आकाशात ढग असल्याने त्या दिवशीचा एक फोटोही मिळाला नव्हता.

मालक काही बोलले नाहीत. काकाजी मात्र बोलले, आणि त्यांनी बोलायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी गावातल्या एका शेतकऱ्याकडून शेततळ्याच्या अस्तराचा उरलेला काळा प्लास्टिक कागद आणला. हौदाच्या तळाला वाळू, वर तो कागद, आणि चारच बोटं पाणी. पाणी खोल असण्याची गरजच नव्हती, परतवतो तो फक्त वरचा पृष्ठभाग. ४५ अंशांच्या उन्हातला शंभरातला जेमतेम तीन भाग पाण्यावरून परततो. पण माध्यान्हीच्या उन्हातले तीन भागसुद्धा अंधाऱ्या छताला पुष्कळ होतात. काळा कागद असल्याने तळाचा रंग वर गेला नाही. निळी ताडपत्री टाकली असती तर छताला निळसर झाक आली असती.

बैठकीतल्या शालूंच्या आणि पगड्यांच्या कपाटांवर दुहेरी जाड चादरी घातल्या, गालिचा गुंडाळला, कारण खिडकीच्या पायथ्याशी हातभर थेट ऊनही येत होतं. ट्रायपॉडच्या पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे दोऱ्याने बांधले.

कडीपाटाच्या जमिनीने एक धडा दिला. पहिल्या चार फोटोंत सगळं किंचित हललेलं. रिमोट वापरला, तरी तेच. मग त्या मुलीने फुलपात्रात पाणी घालून ते जमिनीवर ठेवलं आणि पोऱ्याला खोलीतून चालायला सांगितलं. पाण्यावर वलयं उठली. फळ्या चालण्याने लवत होत्या. मग खालच्या खोलीत जाऊन तुळया कुठून जातात ते पाहिलं, वर खडूने खुणा केल्या, आणि ट्रायपॉडचे तिन्ही पाय तुळयांवर आणले. पडदा उघडा असताना कुणी हलायचं नाही. मोठ्या बाईसाहेबांची खुर्चीही आधीच ठेवून घेतली.

कॅमेरा पातळीत, छातीएवढ्या उंचीवर, पाठ भिंतीला. वर उचलायचा नाही म्हणजे खांब सरळ राहतात. त्यामुळे खालची जमीन जास्त येते, ती नंतर कापून टाकली.

घड्याळात पावणेबाराला छताच्या कडेला उजेडाची एक रेघ आली. बारा वीसला, म्हणजे त्या दिवसांत आमच्याकडे सूर्य माथ्याशी असतो तेव्हा, ती कमळावर पोचली. वाऱ्याची झुळूक आली की हौदावर तरंग उठे आणि छतावर सोनेरी जाळं पसरे. पाकळ्यांच्या कडा एकेक करून उजळत आणि विझत. मालक उभेच होते. बाईसाहेब म्हणाल्या, "डोलते ना?" आणि पदराने डोळे पुसले.

आता दुसरा छोटा निर्णय. चार सेकंदांचा फोटो काढला तर तरंग पुसून जातात आणि छतावर एकसारखा मऊ उजेड मिळतो, कोरीवकाम पूर्ण वाचता येतं. सेकंदाच्या तिसाव्या भागाचा, आयएसओ वाढवून काढला, तर जाळं थांबलेलं दिसतं, पण काही पाकळ्या अंधारात राहतात आणि थोडे दाणे येतात. आम्ही दोन्ही काढले. एक वाजेपर्यंत उजेड कमळावरून सरकून गेला होता. पुढचे दोन दिवस पुन्हा तेच केलं, कारण पहिल्या दिवशी झुंबराची साखळी बरोबर कमळावरून गेली होती आणि कॅमेरा चार बोटं डावीकडे हवा होता.

निष्पत्ती

दोनशे बारा वस्तूंची नोंद फोटोंसह पूर्ण झाली. त्यातल्या अकरांचे फोटो मला पुन्हा काढायचे आहेत, बहुतेक जरीचे. सपाट उजेडात जर पिवळ्या दोऱ्यासारखी दिसते, तिला एका बाजूने खालून उजेड हवा आणि तो ५० लक्सच्या आत बसवायला वेळ लागतो.

देवडीत पाच फलक लागले, संक्रांतीच्या आदल्या दिवशी. मधल्या मोठ्या फलकासाठी कोणता फोटो घ्यायचा यावर घरात चर्चा झाली. मालकांना चार सेकंदांचा, नीट वाचता येणारा हवा होता. मलाही आधी तोच वाटत होता, दाण्यांमुळे. बाईसाहेबांनी दुसऱ्यावर बोट ठेवलं. तोच लागला. चार सेकंदांचा नोंदवहीत गेला, जिथे त्याची जागा होती. ऑक्टोबरात न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं जानेवारीत मिळालं.

पाहुण्यांसाठी काकाजींच्या सांगण्यावरून एक पाटीही केली, फोनवर फोटो काढणाऱ्यांसाठी. फ्लॅश बंद करा. फोनचं भिंग कापडाने पुसा, खिशातल्या तेलकट बोटांनीच निम्मे फोटो धुरकट होतात. खांबाला किंवा भिंतीला टेकून उभे राहा. उजळ जागेवर बोट ठेवा म्हणजे खिडकी जळत नाही. काचेच्या कपाटाला फोन अगदी जवळ न्या, टेकवू नका. आणि पाटीच्या शेवटी बैठकीच्या खिडक्या कोणत्या वेळी उघड्या असतात ते लिहिलं. आधी त्या दिवसभर बंदच असत. आता अकरा ते एक उघडतात, तेवढा वेळ कपाटांवर चादरी.

पुन्हा करायचं झालं तर

पहिला दिवस कॅमेऱ्याशिवाय जाईन. एक वही, एक टेप, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कोणत्या खोलीत कधी काय दिसतं ते लिहीन. आम्ही फोटोवाले पहाटेचा आणि सांजेचा उजेड धरून बसतो, दुपार टाळतो. मोकळ्या रानात ते बरोबर आहे. चौकाच्या वाड्यात दुपार सगळ्यात श्रीमंत वेळ असते, कारण तेव्हाच चौकाची फरशी दिव्यासारखी जळते आणि माड्यांना खालून उजेड देते. पाणी नसलं तरी देते, हे मला नंतर दिसलं. पहिल्या दिवशी अकरा वाजता मी नेमका त्याच वेळी तिथे होतो, आणि खिडक्या लावून घेतल्या होत्या.

घरातल्या जुन्या माणसांना आधी विचारीन, आणि फोटो कुठला हवा असं विचारणार नाही. इथे कधी, कुठे बसायचात आणि तिथून काय दिसायचं, असं विचारीन. बाईसाहेबांनी हौदाचं सांगितलं ते आम्ही निघायच्या बेतात असताना. त्या आधी दोन तास आमच्यासमोरच बसल्या होत्या.

जुन्या हौदात, विहिरीत, नळात, कशातही पाणी सोडण्याआधी बांधकाम जाणणारा माणूस दाखवून घेईन. फोटोसाठी वास्तूला तोशीस लागली तर तो फोटो कितीही चांगला असला तरी चुकलेला आहे. चार मोठ्या परातींत पाणी भरून फरशीवर ठेवून पाहिलं असतं, तरी कोन बरोबर आहे का ते अर्ध्या तासात कळलं असतं आणि तळघर कोरडं राहिलं असतं.

मुदतीच्या बाबतीत मी आजही तोच निर्णय घेईन, पण पहिल्याच भेटीत मालकांना सांगेन की वस्तूंचं काम कधीही होतं, वास्तूचं काम ऋतू पाहून करावं लागतं. छपाईवाल्याला दिलेला शब्द मोडावा लागला नसता.

काळा कागद अजून हौदात आहे. पौष संपेपर्यंत काकाजी दर रविवारी सकाळी त्यात चार बोटं पाणी घालायचे आणि बारा वाजता सहलीच्या पोरांना वर पाठवायचे. फळ्या लवतात म्हणून एका वेळी दहाच.